तारांतोत राहिलेली

शेखर, दुपारची जेवणं आटोपली की आपलं घर बदलतं.

सकाळी ते नेहमीसारखंच असतं. दूधवाला, कचऱ्याची गाडी, खालच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेनची चहासाठी हाक. संध्याकाळी केदार कामावरून येतो, टीव्ही लावतो, घरात माणसाचा आवाज होतो. पण मधे दुपारी, खालचे दुकानदार शटर अर्धं ओढून जेवायला जातात आणि रस्ता तेवढ्यापुरता ओस पडतो, तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येते आणि दारातच थबकते. सोफा तोच, पंखा तोच. तरी वाटतं, ही खोली सुरतेतली नाही. खिडकीतून येणारं ऊन तिरपं, पिवळं असतं. उकडलेल्या शिंपल्यांचा वास येतो, आणि त्यात मिसळलेला तापल्या लोखंडाचा. मग लक्षात येतं की मी कान देऊन उभी आहे, जिन्यावरच्या कॉन्चेत्ताच्या सपातांचा आवाज येतो का म्हणून.

तूही दुपारीच गेलास. जेवलास, भात जरा मऊ झालाय म्हणालास, हात धुतलेस आणि सोफ्यावर आडवा झालास. मी भांडी आवरून आले तेव्हा टॉवेल अजून तुझ्या हातात होता. ओला टॉवेल सोफ्यावर, म्हणून मी तुझ्यावर करवादले. तुला बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते. ते तू ऐकलंस की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

वासाचं मी ज्योत्स्नाबेनला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "जीव छे ने बेन, थोडा दिवस घरमां ज फरे," म्हणाली. जीवच तो, थोडे दिवस घरातच फिरणार. मी मान हलवली. पण शेखर, फिरतोयस तो तू नाहीस. वाट मी तुझी बघते आणि येतं ते गाव. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी ज्याच्याकडे पाठ करून आपण निघून आलो ते तारांतो, इटलीच्या टाचेच्या आतल्या अंगाला, दोन समुद्रांच्या मधे वसलेलं. आपली पहिली मुलगी तिथे ठेवून आपण सुरतेला परत आलो. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितेय. बोलले तर कधीच नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तू सुरतेजवळ हजीऱ्याच्या नव्या पोलाद कारखान्यात लागला होतास आणि तिकडच्या मोठ्या कारखान्यात काम शिकायला तुला पाठवायचं ठरलं. मी सुरतेच्या बमरोलीत वाढलेली, मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरातली. इटली म्हटल्यावर माझ्या मैत्रिणींना पुतळे आणि कारंजी आठवली. आपण आगगाडीतून उतरायच्या आधी मला दिसली ती धुराडी. एकामागं एक, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. "अरे, हा तर हजीराच आहे की!" मी म्हणाले. तू इतका हसलास की समोरची म्हातारी आपल्याकडे बघायला लागली. "वासू, थांब," म्हणालास, "धुराड्यांच्या मागे काय आहे ते बघ आधी."

मागे जुनं गाव होतं, बेटावरचं. अरुंद गल्ल्या, एका घरातून दुसऱ्या घरात दोरी टाकून वाळत घातलेले कपडे, आणि लढाऊ जहाज यायचं असलं की मधोमध दुभंगून बाजूला होणारा पूल. लहान समुद्रात दोर सोडून त्यांवर काळ्या शिंपल्या वाढवायचे, आपण वेलावर कारली वाढवतो तशा. आणि किल्ल्याजवळ ते दोन दगडी खांब. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसहून होड्या घेऊन आलेल्या लोकांनी बांधलेल्या देवळातले तेवढेच उरलेले. तुला त्यांचं वेड लागलं. सुट्टीच्या दिवशी तिथल्या बाकावर बसायचं, हे ठरलेलंच. एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून तू मला त्या गावाची गोष्ट सांगितलीस. ज्यांच्या आयांची लग्नं झाली नव्हती म्हणून स्पार्टानं ज्यांना आपलं म्हटलं नाही, अशी ती मुलं. त्यांच्या म्होरक्याला देवानं सांगितलं होतं, निरभ्र आभाळातून पाऊस पडेल तेव्हा तुला गाव मिळेल. तो वर्षानुवर्षं लढला, हरला, खचला. शेवटी असाच बायकोच्या मांडीवर डोकं टेकून पडला होता, आणि त्याची ती दशा बघून तिला रडू आलं. तिच्या नावाचाच अर्थ होता निरभ्र आभाळ. पाणी त्याच्या कपाळावर पडलं आणि त्याला कळलं.

"म्हणजे बायकोला रडवल्याशिवाय तुम्हाला गावं मिळत नाहीत," मी म्हणाले.

"तू नको रडू. मला सुरत आहे," तू म्हणालास.

तेव्हा मला तिसरा महिना होता.

आपण राहायचो ते घर कारखान्याच्या बाजूच्या वस्तीत होतं, दुसऱ्या मजल्यावर. खाली कॉन्चेत्ता, तिचा नवरा नीनो आणि शाळेत जाणारी रोझा. नीनो शिंपल्यांच्या होडीवर कामाला होता. मला इटालियन येत नव्हतं, कॉन्चेत्ताला दुसरं काही येत नव्हतं, आणि आम्ही दिवसभर बोलायचो. पहिला धडा तिनं दिला तो धुण्याचा. वारा कारखान्याकडून वाहायला लागला की ती जिन्यातूनच ओरडायची, माझ्या नावाचं वाझांती करून, "वाझांती, ई पान्नी!" कपडे! मी पळत जाऊन गच्चीतले कपडे आत ओढायचे. उशीर झाला तर चादरींवर तांबूस धूळ बसायची, बारीक, गुलाल सांडल्यासारखी. कठड्यावर बोट फिरवलं की बोट लाल. मी ती धूळ रोज सकाळी पुसायचे आणि रोज सकाळी ती असायची.

मुलगी आली एका संध्याकाळी, दिवस भरायच्या बऱ्याच आधी. सकाळ होईपर्यंतच राहिली. डॉक्टरांनी, नर्सनी जे करायचं ते सगळं केलं, त्यात काही कमी नव्हतं, हे तेव्हाही मला कळत होतं. मला तिला दाखवायला आणलं तेव्हा तिला शिंक आली. एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी. नर्स सवयीनं म्हणाली, "सालूते." तिकडे शिंक आली की म्हणतात, तब्येत चांगली राहो, असं काहीसं. म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. मला त्या संध्याकाळचं दुसरं काही नीट आठवत नाही. ते "सालूते" तेवढं आठवतं.

वॉर्डातल्या फोनवरून बमरोलीच्या शेजाऱ्यांकडे तू तुझ्या आईला बोलायला बोलावून घेतलंस. आपण काय करायचं, हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं. सासूबाईंचा आवाज तारेतून खरखरत आला. "धाकलं लेकरू माटीमाच ठेवतस, शेखर. तठली बी माटीच शे." लहान लेकरू मातीतच ठेवतात, तिथलीही मातीच आहे. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला फोनवर बोलावलं नाही, यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

पुढचं सगळं कॉन्चेत्तानं बघितलं. पांढरी पेटी, नगरपालिकेच्या दफनभूमीतला लहान मुलांचा कोपरा. पेटी तू उचललीस. मी दवाखान्यातच होते. परत आलास तेव्हा तुझ्या बुटांना ती लाल माती होती. तू तोंड उघडलंस, आणि मी हात वर केला. "मला काही सांगू नकोस. कुठे, कसं, काहीच नाही. कधीच." तू मग "बरं," म्हणालास.

"बरं." हा एक शब्द तू तीस-बत्तीस वर्षं पाळलास, शेखर.

कराराचं वर्ष अजून शिल्लक होतं. आपल्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून त्या दफनभूमीची भिंत आणि वरची सुरूची झाडं दिसायची, हे मला घरी आल्यावर कळलं. मी पडदा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर तू पलंग ओढून दुसऱ्या भिंतीला लावला होतास, कपाट खिडकीसमोर आणलं होतंस आणि घामाघूम होऊन त्याच्या मागची धूळ पुसत होतास. "इकडे वारा चांगला लागतो," म्हणालास. वारा तिथे मुळीच लागत नव्हता. मी त्या बंद भिंतीकडे तोंड करून वर्षभर झोपले आणि एकदाही तुला थँक्यू म्हटलं नाही. आज म्हणते.

रविवारी सकाळी तू शिंपल्या आणायला जायचास. शिंपल्या तर नीनो दारात आणून द्यायचा. तू कुठे जातोस ते मला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक होतं. परत यायचास तेव्हा हातात शिंपल्यांची पिशवी असायची, खरी, ओली, जड. मी त्या काळ्या मसाल्यात शिजवायचे. आपण जेवायचो. दुपारी सगळं गाव दारं लावून घ्यायचं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. त्या शांततेत आपण दोघं दोन खोल्यांत पडून राहायचो, आणि मला भिंतीच्या पलीकडून शिंक ऐकू यायची. वेड लागलं असतं मला. म्हणून मी कॉन्चेत्ताकडे जाऊन तिच्या वांग्यांना मीठ लावून द्यायचे.

मग सुरत. हजीऱ्याची कंपनीची बस, तुझी शिफ्ट, माझी उधन्याच्या मराठी शाळेतली नोकरी. केदार झाला. तो झाला तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल तर त्याच्या शिंकेची वाट बघितली. शिंकला, जोरात शिंकला, आणि त्याला काही झालं नाही.

आपण भांडलो मात्र भरपूर. ज्यावर भांडायचं होतं ते सोडून बाकी सगळ्यावर. तू हजीऱ्याहून आलास की शर्ट मी बाहेरच काढायला लावायचे. "इथे कुठे लाल धूळ आहे?" तू वैतागायचास. "मला दिसते," मी म्हणायचे. तू कुठल्या तरी पाहुण्यांना तारांतोचं वर्णन सांगायला लागलास, तो दुभंगणारा पूल, ते खांब, की मी उठून आत जायचे. एकदा माझ्यामागे स्वयंपाकघरात आलास.

"गावाचा काय दोष आहे, वासू?"

"मग कुणाचा आहे?"

"कुणाचाच नसेल."

"तसं मला नाही जमत."

तुला ते जमायचं. कुणाचाही दोष न काढता दुःख करायचं, हे तुला जमायचं. मला तेव्हा वाटायचं, याचं दुःखच उथळ आहे. केदारनं हजीऱ्याच्या बंदराच्या ऑफिसात नोकरी धरली तेव्हा मी दोन दिवस बोलले नाही. "पोराला ठरवू दे," तू म्हणालास. मी म्हणाले, "समुद्राकाठचे कारखाने काय घेतात ते तुला माहीत आहे." तुझ्या त्या गप्प बसण्याला मी तुझा पराभव समजले. तो वाद तसाच राहिलाय, शेखर. अजून माझ्या जिभेवर आहे आणि समोर कुणी नाही.

रिटायर झालास त्या आठवड्यात तू शेवटचा प्रयत्न केलास. रविवारच्या नाश्त्याला गरम लोचो आणला होतास, मी कांदा चिरत होते. "एकदा इटलीला जाऊन येऊ का?" म्हणालास, अगदी सहज, भाजीला जाऊन येऊ का म्हणतात तसं. मी म्हणाले, "लोचो गार होतोय." तू खायला लागलास.

आता परवाचं सांगते. तुझा फोन मी चार्ज करून ठेवते, का ते विचारू नकोस. परवा दुपारी, त्याच रिकाम्या वेळी, तो वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर रोझाचं नाव. मला आधी वाटलं, आता भासाला चेहराही आला. मग उचलला.

एक केस पिकायला लागलेली बाई दिसली, आणि तिच्या बाजूला खुर्चीत एक खूप म्हातारी. म्हातारीनं डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. "शेकार?" म्हणाली. आणि मग, "वाझांती!"

कॉन्चेत्ता, शेखर. जिवंत आहे. दात नाहीत, आवाज तोच. मी काही बोलायच्या आधी ती रडायला लागली होती, कारण फोन मी उचलला यावरूनच तिला कळलं. तिच्या बाजूची बाई म्हणजे रोझा, दप्तर घेऊन जिना चढायची ती. रोझा इंग्रजीत बोलली. तू दर वर्षी त्या दिवशी फोन करायचास, म्हणाली. यंदा आला नाही. आई जेवेना, म्हणून मीच लावला.

त्या दिवशी. मी कॅलेंडरकडे पाहिलं. तारीख मला आठवावी लागली नाही. मी ती कधी विसरलेच नव्हते. दर वर्षी त्या दिवशी मी शाळेत जास्तीचा तास मागून घ्यायचे. तू त्याच तासात फोन करत असशील.

मी रोझाला म्हणाले, "मला सांग." जे तुला सांगू दिलं नाही ते मी एका परक्या मुलीला सांगायला लावलं. तिनं सांगितलं. तिकडे जमीन कायमची मिळत नाही. काही वर्षांनी माती उकरतात आणि जे असेल ते भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. तशी वेळ आली तेव्हा कॉन्चेत्तानं तुला कळवलं, आणि तू गेलास. तुझं ते जर्मनीचं ट्रेनिंग. मी तुझी बॅग भरली होती, स्वेटर घातले होते. तू तारांतोत उन्हात उभा होतास. फारसं काही उरलं नव्हतं, रोझा म्हणाली. पेटी एवढीशीच लागली. त्या वर्षीच नीनो गेला होता. कॉन्चेत्ता म्हणाली, माझ्या नीनोच्या शेजारी ठेवा, तो तिला सांभाळेल. तर ती तिथे आहे. शिंपल्यांच्या होडीवरच्या माणसाशेजारी.

"आणि दगड?" मी विचारलं. कुठून धैर्य आलं, माहीत नाही.

रोझानं आईला काहीतरी विचारलं. कॉन्चेत्ता बोलायला लागली, आणि इतक्या वर्षांनी ती भाषा मला कळली, आधी एकेक शब्द, मग सगळी. दगडावर आडनाव आहे आणि साल आहे. नाव नाही. कारागिरानं विचारलं तेव्हा शेकार म्हणाला, जागा सोड. नाव तिची आई देईल. मी दर वर्षी फोनवर विचारायची, कॉन्चेत्ता म्हणाली, ठरलं का नाव? तो म्हणायचा, अजून नाही, कॉन्चेत्ता. आईला वेळ लागतो.

मी फोन ठेवला, आणि शेखर, मला तुझा इतका राग आला. तू मेल्यानंतर आलेलं पहिलं रडू ते रागाचं होतं. मी बोलू नको म्हटलं आणि तू ऐकलंस! एवढं ऐकायला तुला कुणी सांगितलं होतं? दुसऱ्या कुठल्या गोष्टीत माझं ऐकलंस तू? रेनकोट घाल म्हटलं तर नाही, डॉक्टरकडे जा म्हटलं तर नाही. एवढी एकच गोष्ट पाळलीस. एकदा तरी माझा हात धरून खाली घ्यायचास आणि बोलायचंस. मी ओरडले असते, भांडी आपटली असती. मग ऐकलं असतं.

संध्याकाळी केदार आला. मी त्याला चहा दिला, समोर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हे सांगणार होते. "केदार, तुझ्या आधी..." इथवर आले आणि टेबलावरचं पाणी पदरानं पुसायला लागले.

त्यानं कप खाली ठेवला. "आई, मला खबर आहे," म्हणाला.

"काय खबर आहे?"

"ताईची. बाबांनी सांगितलं मला. मी हजीऱ्याला जॉइन झालो ना, पहिल्या दिवशी ते स्वतः सोडायला आले होते. गाडी साइडला घेतली, आणि बोलले. म्हणाले, आई तुला या नोकरीला ना का म्हणते ते तुला कळायला हवं. तिच्यावर चिडायचं नाही."

"आणि मला नाही बोललास? इतकी वर्षं?"

"ते म्हणाले, आईला दिलेला शब्द आहे. ती बोलेल तेव्हाच." मग तो माझ्याजवळ येऊन बसला. "मी वाट बघत होतो गं."

ताई, म्हणाला तो. किती सहज. म्हणजे या घरात तिच्याबद्दल बोलणं होत होतं. तू बोलत होतास, पोर बोलत होतं, हजारो मैलांवर एक म्हातारी बोलत होती. मी तेवढी भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि तुम्ही सगळे पावलं न वाजवता माझ्या आजूबाजूनं जात होता. आता कळतं, दुपारी घरात जे फिरतं ते आजचं नाही. ते कायमच इथे होतं. तू असताना तू त्याच्या आणि माझ्या मधे उभा असायचास.

मी केदारला म्हणाले, रोझाला कळव, मला बघायचंय.

काल रविवार होता. दुपारी केदारनं फोन जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. ज्योत्स्नाबेन वर आली होती, तिला मी जा म्हटलं नाही. तीही बसली, पदर डोक्यावर घेऊन. पडद्यावर रस्ता हलत होता, रोझाच्या चपला, कॉन्चेत्ताच्या खुर्चीची चाकं. मग सुरूची झाडं. केदारनं माझा एक हात धरला, ज्योत्स्नाबेननं दुसरा.

भिंतीत कोनाड्यांच्या रांगा. नीनोचा फोटो, टोपी घातलेला, हसणारा. त्याच्या शेजारी एक चौकोनी दगड, पांढरा होता कधीतरी, आता फिक्कट गुलाबी. खाली PATIL. त्याच्या खाली साल. आणि वर, जिथे नाव असतं तिथे, नुसता गुळगुळीत दगड. कुणीतरी ताजी फुलं खोचली होती. बघून मी कोसळेन असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. एवढीशीच जागा होती ती. मी ओळखीच्या घरी आल्यासारखी बघत राहिले.

रोझानं फोन स्वतःकडे वळवला. "दगडवाल्याशी बोलले आहे. तो उद्या येऊन कोरेल. नाव सांगता?"

नाव माझ्याकडे होतं, शेखर. दवाखान्यात तिला शिंक आली तेव्हापासून होतं. तू विचारलं नाहीस कारण मी बोलू नको म्हटलं होतं, आणि मी सांगितलं नाही कारण तू विचारलं नाहीस. वर्गात त्या नावाची एखादी मुलगी असली की हजेरी घेताना मी ते जरा हळू म्हणायचे, एवढंच.

"मेधा," मी म्हणाले.

केदारनं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. रोझानं कागदावर लिहून तो कॅमेऱ्यासमोर धरला. MEDA.

"डीनंतर एच," मी म्हणाले.

"एच?" ती घुटमळली. "आमच्याकडे एच उच्चारतच नाहीत. दगडावर उगाच..."

"आमच्याकडे उच्चारतात. लिही."

तिनं लिहिला. मग कागद कॉन्चेत्ताच्या डोळ्यांजवळ नेला. म्हातारीनं ओठ हलवून पाहिले. "मेदा," म्हणाली.

"मे-धा," मी म्हणाले. "श्वास सोड. धा."

"मेदा."

"धा. पुन्हा."

शाळेत पहिलीच्या मुलांकडून म्हणून घ्यायचे तसं मी तिच्याकडून म्हणून घेतलं, मोठ्यानं, आणि केदार म्हणायला लागला, ज्योत्स्नाबेनही म्हणायला लागली. चौथ्या-पाचव्या वेळी कॉन्चेत्ताला बरोबर जमलं. तरी मी थांबले नाही.